पदवीच्या मधोमध

आषाढी वारीतल्या दोन्ही मोठ्या पालख्या पुणं एकाच दिवशी सोडतात. हडपसरला वाटा फुटतात. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तर तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने सरळ पुढे येऊन लोणी काळभोरला मुक्काम करते. शहर मागे पडल्यानंतरचा हा पहिला मुक्काम. इथे पोचलेल्या वारकऱ्याच्या अंगात निघण्याचा उत्साह अजून शाबूत असतो. पाय दुखायला लागतात ते पुढे, यवत-वरवंडनंतर. बारामती ओलांडून पालखी इंदापूर तालुक्यात बेलवाडीला पोचते, तेव्हा देहू सोडून साधारण दहा दिवस झालेले असतात आणि पंढरपूर जवळजवळ तेवढंच पुढे असतं. नेमकं तिथेच पहिलं गोल रिंगण होतं. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात, शेवटी अश्व धावतो. अर्धी वाट चाललेल्या माणसांसाठी परंपरेने मधोमध एक सोहळा मांडून ठेवला आहे.

परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणाला असं रिंगण नाही. सोलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांतून गेल्या काही वर्षांत जी मुलं-मुली बाहेर पडली, त्यांच्या घरी दोनच दिवस लक्षात राहतात. एक विमानतळावर सोडायला गेलेला आणि दुसरा काळी टोपी-झगा घातलेला फोटो व्हॉट्सॲपवर आलेला. या दोन दिवसांच्या बरोबर मध्ये जो काळ येतो, त्यात कुणी हार घालत नाही, कुणी फ्लेक्स लावत नाही. फोनवर ‘कसं चाललंय?’ असा प्रश्न येतो आणि ‘चाललंय’ असं उत्तर जातं. त्या एका शब्दामागे जे काही घडत असतं, त्यावर खरं तर पदवीचा पुढचा अर्धा भाग उभा राहतो.

लोणीला बाहेरून शिकायला येणारी माणसं नवी नाहीत. मुळा-मुठेच्या काठावर राज कपूर यांचं राजबाग होतं. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं बरंचसं चित्रीकरण तिथलं. आज त्याच राजबागेत एमआयटीचं कला, आरेखन आणि तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. जहाजावर जाणारे कॅडेट आणि डिझाइन शिकणारी मुलं गावच्या बाजारात रोज दिसतात. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या त्या मुलांना खोल्या देणारी, डबे देणारी घरं लोणीत आणि शेजारच्या कदमवाकवस्तीत आहेत. दुसऱ्याच्या मुलाचं घरापासून लांब राहणं या गावाने जवळून पाहिलं आहे. आता त्याच घरांतली मुलं डॅलस, डब्लिन आणि ड्रेस्डेनमध्ये भाड्याच्या खोल्या शोधतात.

देश बदलला की पदवीचा मध्यही बदलतो. अमेरिकेतलं एमएस बहुतेक ठिकाणी चार सत्रांचं आणि तीस ते छत्तीस क्रेडिटचं असतं. ऑगस्टमध्ये गेलेल्या मुलाचा मध्य पुढच्या मे महिन्यात येतो. जर्मनीत मास्टर्स सहसा १२० क्रेडिटचं असतं. आधीची सत्रं विषयांत जातात आणि शेवटचं सत्र प्रबंधासाठी राखलेलं असतं. ब्रिटनमध्ये सगळं एका वर्षात उरकतं, १८० क्रेडिटांपैकी बहुधा ६० एकट्या प्रबंधाचे. तिथला मध्य फेब्रुवारी-मार्चच्या थंडीतच येऊन जातो. पोरगं नीट स्थिरावलं असं घरच्यांना वाटेपर्यंत निम्मी फी संपलेली असते.

अमेरिकेतला मे महिना जरा थांबून पाहण्यासारखा आहे. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला पहिलं शैक्षणिक वर्ष पुरं होईपर्यंत सहसा विद्यापीठाबाहेर अभ्यासक्रमाशी जोडलेलं कामही करता येत नाही. विद्यापीठाच्या आवारात, सत्र चालू असताना, आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम. ग्रंथालयाचा काउंटर, मेसमधली भांडी, प्राध्यापकाच्या हाताखाली पेपर तपासणं. वर्ष संपलं की इंटर्नशिपचं दार उघडतं आणि त्याच वेळी घरून प्रश्न सुरू होतो, “मिळाली का?” ज्याला मिळाली तो उन्हाळाभर दुसऱ्या शहरात जातो. ज्याला मिळाली नाही तो रिकाम्या झालेल्या कॅम्पसमध्ये राहतो. खोलीतले साथीदार पांगलेले, बस तासाला एक. भारतात एक चक्कर मारावी तर तिकिटाचे पैसे आणि व्हिसाची धास्ती. लोणीत रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात बॉस्टनमध्ये दुपारचे बारा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ असतात. आईचा दिवस संपत आलेला असतो आणि मुलाचा दिवस अजून त्याच्यासमोर मोकळा पडलेला असतो. त्या अंतरातून दोघांनाही एकमेकांची थकलेली वेळ दिसत नाही.

घरी त्याच महिन्यात दुसरा हिशेब चालू असतो. सोलापूर रस्त्याच्या पट्ट्यात जमीन आहे, ऊस आहे, पण शैक्षणिक कर्जाच्या मोठ्या रकमेला बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत. त्यांना फ्लॅट लागतो किंवा एनए प्लॉट. सातबारा आणि आठ-अ घेऊन गेलेल्या बापाला बँकेतून परत येऊन भावाच्या नाहीतर मेव्हण्याच्या फ्लॅटची कागदपत्रं मागावी लागतात. कर्ज मंजूर होतं, तेही एकदम हातात येत नाही. सत्रागणिक फीची मागणी दाखवायची, मग हप्ता सुटतो. शिक्षण चालू असताना मुद्दल फेडायची सक्ती नसली तरी व्याज पहिल्या हप्त्यापासून चढायला लागतं. शिवाय रुपया एका जागी उभा राहत नाही. २०२२च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आतबाहेर होता, त्याच वर्षाच्या अखेरीस तो ८२च्या पुढे गेला. चाळीस हजार डॉलरची फी धरली तर त्या एका वर्षात तिच्यात अडीच लाखांहून जास्त रुपयांची भर पडली. मुलाने एकही जादा विषय घेतलेला नसतो, तरी दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा महाग झालेलं असतं.

रुपयाच्या अशा चढउताराची झळ परदेशात शिकताना सोसलेल्या मराठी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. पदवीच्या मधल्या काळाचा अर्थ त्यांच्या आयुष्याइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसतो.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन ते जुलै १९१३मध्ये न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठातून १९१५मध्ये एमए झाले. आजचा विद्यार्थी ज्याला मास्टर्स म्हणतो ते तिथे संपलं होतं, पण त्यांनी तो टप्पा मुक्काम मानला नाही. कोलंबियातल्या त्यांच्या विषयांची यादी पाहिली की छाती दडपते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. अर्थशास्त्र शिकायला गेलेल्या या विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. नेमलेल्या विषयाच्या कडेकडेने चालत असताना त्यांना आयुष्यभराचा विषय गवसला होता. पहिल्या वर्षाच्या धांदलीत हे झालं नसतं आणि पदवीच्या शेवटच्या घाईतही झालं नसतं. त्यासाठी मधली फुरसत लागते. ही फुरसत झोपेची नसून वाचनाची असते.

तिथून ऑक्टोबर १९१६मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी प्रवेश घेतला. आणि मग शिष्यवृत्तीची मुदत संपली. पैसा आटला, अभ्यास अर्ध्यावर राहिला. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी दिली आणि १९१७च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईला परतले. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती. महायुद्ध चालू होतं. पाणतीराच्या माऱ्याने ती बोट बुडाली आणि पुस्तकंही गेली.

पुढची तीन वर्षं पदवीच्या आत मोजावीत की बाहेर? बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्य म्हणून राहायला घर मिळालं नाही, ती नोकरी सोडावी लागली. नोव्हेंबर १९१८मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगारातला पैसा बाजूला टाकत राहिले. वर्गात शिकवत असलेल्या या प्राध्यापकाच्या डोक्यात लंडनच्या परवानगीची मुदत चालू होती. १९२०च्या मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली. गाठीला साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियाच्या दिवसांपासूनचे मित्र नवल भथेना यांनी दिलेलं पाच हजार रुपयांचं कर्ज, एवढ्यावर जुलै १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

त्या वर्षी रुपया कोसळत होता. फेब्रुवारी १९२०मध्ये एका रुपयाला पावणेतीन शिलिंगांहून अधिक मिळत होते आणि १९२१च्या वसंतात तोच रुपया सव्वा शिलिंगावर आला. मुंबईत मोजलेल्या पैशाचे लंडनमध्ये पौंड किती, याचं उत्तर दर महिन्याला बदलत होतं. १९२१च्या सप्टेंबरात त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड उसने मागितले. त्याच काळात ते ज्या प्रबंधासाठी ग्रंथालयात बसत होते त्याचा विषय होता रुपया, त्याचं मूल्य, त्याची व्यवस्था. १९२१मध्ये एमएस्सी झाली, १९२३मध्ये डीएस्सी आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापून आला. ज्या चलनातल्या चढउतारांची गणितं त्यांनी त्या पुस्तकात सोडवली, त्याच चलनातल्या पैशावर त्यांचं जेवणही चालत होतं.

कोलंबियाची पीएचडी मात्र अजून कागदावर यायची होती. त्या विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती द्याव्या लागत. तो १९२५मध्ये छापला गेला. पुस्तक सयाजीराव गायकवाडांना अर्पण केलेलं होतं आणि प्रस्तावना त्यांचे गुरू सेलिग्मन यांची होती. पदवी मिळाली ८ जून १९२७ला. जुलै १९१३ला सुरू झालेला विद्यार्थीपणाचा हा प्रवास जून १९२७ला पुरा झाला असं धरलं, तर त्याचा बरोबर मध्य येतो जुलै १९२०. म्हणजे ते दुसऱ्यांदा बोटीवर चढले तो महिना. सगळ्या शिक्षणाचा निकाल त्या महिन्यात लागला असं म्हणायला हरकत नाही. तेव्हा भथेनांचे पाच हजार आले नसते तर मागे राहिला असता एक एमए झालेला हुशार प्राध्यापक.

असाच उसन्या पैशांचा आधार इरावती कर्वे यांच्याही वाटेत दिसतो, तो मात्र निघतानाच मिळालेला. मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या हाताखाली एमए करून १९२८मध्ये त्या बर्लिनला गेल्या. सासरे धोंडो केशव कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले, पण सुनेच्या या प्रवासाला त्यांची संमती नव्हती. पैसे उसने दिले जीवराज मेहता यांनी, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. बर्लिनच्या दालेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेत मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. त्यांनी दिलेला विषय होता माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधला फरक. फिशर यांची धारणा आधीच ठरलेली होती. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीत हा फरक जास्त असणार आणि त्यावरून त्याची बुद्धी श्रेष्ठ ठरणार.

विशीतली एक मराठी विद्यार्थिनी १४९ कवट्या मोजत बसली. भाषा परकी, मार्गदर्शक दबदब्याचा, पैसे उसने, घरापासून हजारो मैल दूर. मोजमापांचे तक्ते भरत गेले तसं तिच्या लक्षात आलं असेल की आकडे गुरूच्या बाजूने बोलत नाहीत. कवटीच्या बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध लागत नव्हता. प्रबंधाच्या मधोमध उभ्या असलेल्या विद्यार्थ्यासमोर यापेक्षा अवघड प्रसंग नसतो. मागे फिरायला वेळ उरलेला नसतो, पुढे जायचं तर ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्याच्या विरुद्ध जावं लागतं. इरावतीबाईंनी जे मोजलं तेच लिहिलं आणि १९३०मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. फिशर १९३३मध्ये बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि त्यांच्या विचारांचा नाझी राजवटीने काय उपयोग केला ते जगाने पाहिलं. ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या मोठमोठ्या माणसांकडे न बिचकता पाहणारी जी नजर मराठी वाचकाला भेटते, तिची तालीम दालेममधल्या त्या टेबलावर झाली होती.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचा केंब्रिजमध्ये मध्यावर मार्गदर्शकच बदलला. तेव्हा त्या कमला भागवत होत्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३मध्ये स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला, तो त्यांनी झगडून मिळवला आणि १९३७मध्ये केंब्रिजला पोचल्या. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती, डेरेक रिक्टर यांनी आपल्या टेबलाची जागा देऊ केली. काही काळाने रिक्टर दुसरीकडे गेले आणि कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम करू लागल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी हे श्वसनाशी निगडित द्रव्य सापडलं. पदवीचा कणा ठरलेला शोध त्या बदलातूनच आला. त्यांचा प्रबंध चाळीसच पानांचा होता. १९३९मध्ये त्या भारतात परतल्या.

आज परदेशी विद्यापीठात दुसऱ्या सत्राच्या शेवटी ज्याचा प्रोफेसर सुट्टीवर जातो, ज्याच्या प्रकल्पाचा निधी संपतो, ज्याला ‘मशिन लर्निंग’ सोडून पाण्याच्या नियोजनाकडे वळावंसं वाटतं, त्याच्या घरी या गोष्टी अपयश म्हणून ऐकल्या जातात. “आता विषय कशाला बदलतोस? आधी डिग्री घेऊन टाक.” वडिलांच्या तोंडून हे वाक्य व्याजाच्या काळजीने येतं, त्यात प्रेमच असतं. पण पहिल्या वर्षात मुलगा नेमून दिलेले विषय उरकत असतो. राहायची जागा, बँकेचं खातं, थंडीचे कपडे, परीक्षेची नवी पद्धत यांतच ते वर्ष जातं. आपल्याला नेमकं काय शोधायचं आहे हा प्रश्न त्याला पहिल्यांदा मोकळेपणाने पडतो तो या मधल्या उन्हाळ्यात. त्या वेळी घरातून दोन गोष्टी मिळाल्या तर पुरतं. एक, दुसऱ्या वर्षाचे पैसे येणार आहेत ही खात्री. दुसरी, थोडा बदल केला तरी चालेल ही मुभा.

सरकारच्याही हातात यातलं बरंच आहे. राजर्षी शाहूंच्याच नावाने महाराष्ट्र शासन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतं. फी, निर्वाह भत्ता, जाण्यायेण्याचं विमानभाडं. ज्यांच्या घरी तारण ठेवायला फ्लॅट नाही आणि प्लॉटही नाही, त्यांच्यासाठी ही योजना म्हणजे सगळा पायाच. अशा शिष्यवृत्तीत निवडयादी लागते त्या दिवशी बातमी होते, पण विद्यार्थ्याच्या जिवावर बेततं ते दुसऱ्या वर्षाचा हप्ता वेळेत न पोचणं. विद्यापीठ फीसाठी थांबत नाही, घरमालकही थांबत नाही. १९१७मध्ये मुदत संपल्यामुळे लंडन सोडावं लागलेल्या विद्यार्थ्याचा वारसा सांगणाऱ्या राज्यात तरी मधला हप्ता हा पहिल्याइतकाच पवित्र मानला गेला पाहिजे.

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागतात आणि गावोगाव गुणगौरवाचे कार्यक्रम होतात. शाल, श्रीफळ, पेनचा सेट. लोणीत अशा एखाद्या कार्यक्रमात पदवीच्या मधोमध असलेल्या चार-पाच मुला-मुलींना बोलवायला हवं, सुट्टीत आलेल्यांना समोर आणि न आलेल्यांना व्हिडिओ कॉलवर. रात्री साडेनऊला कार्यक्रम ठेवला तर बॉस्टनही जागं असतं आणि डब्लिनही. त्यांनी बारावीच्या पोरांना कॅम्पसचे फोटो दाखवण्याऐवजी पहिल्या सत्राच्या फीची पावती आणि दुसऱ्या वर्षाची मागणीपत्रिका शेजारी शेजारी ठेवून दाखवावी. कुठला विषय जड गेला, कुठल्या प्राध्यापकाचं दार वाजवायला महिनाभर धीर झाला नाही, इंटर्नशिपसाठी पाठवलेल्या अर्जांना काय उत्तरं आली, हे सांगावं. खाली सतरंजीवर त्यांचे आईबाप बसलेले असतील. फोनवर ‘चाललंय’ एवढंच ऐकलेल्या त्या आईबापांनाही मग आपलं पोर तिकडे नेमकं काय करतंय ते पहिल्यांदा सविस्तर ऐकायला मिळेल, आणि विचारायला प्रश्नही सुचतील.